सांगलीतील लहान समकालीन नृत्यगट : नाट्यगृहातील प्रयोग आणि गावांतील लोकसहभाग यांचा मेळ कसा घालावा?

घाटपायरी (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

सांगलीत समकालीन नृत्याचे काम करणारा आमचा एक लहान गट आहे. नर्तक सात, त्यांपैकी काही जणी भरतनाट्यम शिकून आलेल्या, एक जण कथकचा विद्यार्थी आणि दोघे थेट गणेशोत्सवातील लेझीम पथकातून आलेले. संगीताची बाजू सांभाळणारा मित्र मिरजेचा आहे. प्रत्येकाचा पोटापाण्याचा उद्योग वेगळा असल्यामुळे तालीम संध्याकाळी उशिरा, एका मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर, आणि तीही लग्नाची तारीख नसेल तेव्हाच होते.

सध्या आम्ही जो प्रयोग करत आहोत तो महापुरावर आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी गावभागात आणि मारुती चौकात शिरले तेव्हा आमच्यापैकी बहुतेक जण इथेच होते आणि २०२१ च्या जुलैत तोच अनुभव पुन्हा वाट्याला आला, त्यामुळे विषय शोधत जावे लागले नाही. पाऊण तासाच्या या प्रयोगात शब्द नाहीत. सामान माळ्यावर चढवणे, दोरी धरून रांगेत उभे राहणे, पाणी ओसरल्यावर भिंतीवरचा चिखल खरवडणे अशा कामांतील हालचाली घेऊन, त्यांची लय आणि क्रम बदलत आम्ही रचना बांधली आहे. एका भागासाठी आम्ही हळदीच्या अडतीवर जाऊन हमाल पोते पाठीवर कसे घेतात ते पाहत बसायचो. पोते आधी अंगावर ओढून घेतले जाते, मग गुडघे त्याच्याखाली सरकतात आणि शेवटी पाठ सरळ होते, हा क्रम तिथे नीट दिसला आणि आमच्या एका संपूर्ण प्रवेशाचा पाया तोच झाला.

नाट्यगृहात प्रयोग केला तेव्हा नातेवाईक, नृत्यवर्गांच्या विद्यार्थिनी आणि नाटकवाली काही मंडळी आली. प्रतिक्रिया एकाच साच्यातल्या होत्या : "छान झाले, मेहनत दिसते, पण कळले नाही." त्यानंतर नदीकाठच्या एका गावात, देवळाच्या सभामंडपात, आम्ही तोच प्रयोग विनामूल्य केला. गर्दी चांगली होती. नर्तक जमिनीवर लोळू लागल्यावर पोरे हसली, मोठ्यांनी त्यांना दटावले आणि पुढे सगळे शांतपणे पाहत राहिले. शेवटी एक आजी जवळ येऊन म्हणाल्या, "आमच्याकडं पाणी आसं उड्या मारत न्हाई आलं बाई. रातच्याला गुमान उंबऱ्यातनं आत आलं." त्यांच्या त्या वाक्याने आमच्या गटात जो वाद सुरू झाला तो अजून मिटलेला नाही. काहींच्या मते ही एका प्रेक्षकाची प्रतिक्रिया आहे आणि कलाकृतीला वास्तवाची नक्कल करण्याचे बंधन नाही. मला स्वतःला मात्र वाटते की ज्या लोकांच्या अनुभवावर आपण प्रयोग उभा केला, त्यांना आपण तो तयार झाल्यावरच दाखवला आणि आधी काहीच विचारले नाही, हे बरोबर नव्हे.

जाणकारांना विचारायचे आहे ते असे. प्रयोगाआधी निवेदन करून अर्थ समजावून सांगावा का? गावातील लोकांना, शाळांना, हमालांना या कामात सामील करून घ्यायचे तर ते कसे, म्हणजे त्याचे शाळेच्या गॅदरिंगमध्ये किंवा एखाद्या दिवसाच्या शिबिरात रूपांतर होणार नाही? आणि नाट्यगृहातील तिकिटाचा प्रयोग व गावातील प्रयोग ही दोन वेगळी कामे समजावीत की एकच?

विंगेतला माणूस

घाटपायरी, आपला प्रश्न वाचून आनंद झाला. मी सांगली, मिरज आणि साताऱ्याच्या शाहू कला मंदिरात नाटकांच्या प्रकाशयोजनेचे काम केले आहे, त्यामुळे माझे उत्तर तांत्रिक अंगाने येईल. कलेबद्दल इतर मंडळी बोलतीलच.

"कळले नाही" या तक्रारीमागे पुष्कळदा "दिसले नाही" ही तक्रार दडलेली असते. आपल्याकडची नाट्यगृहे उभ्या राहून बोलणाऱ्या नटांसाठी बांधलेली आहेत. रंगमंच उंच असतो आणि पुढच्या रांगा जवळजवळ सपाट जमिनीवर असतात, त्यामुळे नट उभा असेल तोवर अडचण येत नाही, पण आपले नर्तक जमिनीवर गेले की पहिल्या पाचसहा रांगांना त्यांचे खांदेसुद्धा धड दिसत नाहीत. समकालीन नृत्यात जमिनीवरचे काम बरेच असते. आपण पुढच्या रांगा रिकाम्या ठेवा, किंवा बाल्कनी आधी भरा. मानाच्या पाहुण्यांना पुढे बसवण्याची आपली पद्धत आहे आणि नेमके त्यांनाच सर्वांत कमी दिसते.

दुसरी गोष्ट प्रकाशाची. नाटकाला समोरून उजेड लागतो, कारण चेहरा दिसायला हवा. नृत्याला तो बाजूने लागतो. विंगेत उभ्या खांबांवर गुडघ्याच्या, कमरेच्या आणि डोक्याच्या उंचीवर दिवे लावले म्हणजे शरीराची कड उठून दिसते आणि जमिनीवरची सावली पुसली जाते. इथल्या नाट्यगृहांत प्रयोग करणारी मंडळी बहुधा आहे तीच समोरची मांडणी वापरतात, त्यामुळे सात माणसे एकाच पांढऱ्या पट्टीत चपटी होऊन जातात. ठेकेदाराला चार उभे स्टँड आणि आठ दिवे जादा सांगितले तर भाड्यात फार फरक पडत नाही. फक्त विंगेत येता-जाताना नर्तकांनी त्यांना धडकू नये म्हणून खांबांच्या पायांना पांढरी पट्टी चिकटवा.

तिसरी गोष्ट जमिनीची, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. मंगल कार्यालयात टाइल्स असतात, देवळात शहाबादी फरशी किंवा संगमरवर. अशा जमिनीवर रोज उड्या मारल्या तर पोटऱ्या, नडगीची हाडे आणि गुडघे दोनतीन वर्षांत तक्रार करू लागतात. परदेशी बनावटीची लवचीक जमीन परवडणार नाही, पण प्लायवुडचे दोन थर, वरच्या थराचे सांधे खालच्या थराच्या सांध्यांवर येणार नाहीत असे जोडून, खाली दाट फोमचे तुकडे लावले आणि वर निसरडे नसलेले व्हिनाइल अंथरले, तर काम भागते. टेम्पोत मावेल अशा मापाचे तुकडे करून घेतलेत तर हीच जमीन गावोगाव नेता येईल. सभामंडपातील प्रयोग आपण कशावर केला ते लिहिले नाही, पण थेट फरशीवर केला असेल तर कृपा करून पुन्हा तसे करू नका.

निवेदनाबद्दल माझे मत आहे की ते करावे. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी याच सांगलीत 'सीता स्वयंवर' केले तेव्हा सूत्रधार आधी पद म्हणत असे आणि मग पात्रे आपापला भाग रंगवीत. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचा खेळ पाहून सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांना तसे काही मराठीत व्हावे असे वाटले आणि त्यातून ते नाटक उभे राहिले, हे सर्वांना ठाऊकच आहे. त्या खेळांत मोरावर बसल्यासारखी नाचत येणारी सरस्वती होती, अललडुर्र करत येणारे राक्षस होते. म्हणजे या गावच्या प्रेक्षकाला बोलक्या शरीराची सवय नाही असे म्हणता येत नाही. पण त्याला हात धरून आत नेणारा कुणीतरी लागतो. दोन मिनिटांचे निवेदन केल्याने कलेचे काही बिघडत नाही.

नाट्यगृहात मोफत पास मात्र वाटू नका. पन्नास रुपयांचे का होईना, तिकीट ठेवा. पासवर आलेला माणूस मध्येच उठून जातो.

जतची बाई

मी जत तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत शिकवते. आपण शाळांचा उल्लेख केला आहे म्हणून लिहिते आहे, आणि थोडे कडू लिहिणार आहे.

शहरातून येणाऱ्या नृत्याच्या, नाटकाच्या आणि व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांचा आमच्या शाळेला चांगला अनुभव आहे. मंडळी सकाळी येतात, मुलांना गोल बसवतात, डोळे मिटायला सांगतात, दुपारी फोटो काढतात आणि परत जातात. पुढच्या वर्षी दुसरी मंडळी येतात. मुलांना त्या दिवशी मजा येते हे खरे आहे, पण त्यातून काही उरत नाही. आपल्याला शाळेत यायचे असेल तर एकाच शाळेत या, आठवड्यातून एकदा या आणि किमान एक सत्र या. पाच शाळांत एकेक दिवस गेल्याने अहवालात आकडा मोठा दिसेल, एवढेच.

पालकांचा व्यवहारही समजून घ्यायला हवा. दहावीला शास्त्रीय नृत्य, गायन, वादन यांच्या मान्यताप्राप्त परीक्षा दिलेल्या विद्यार्थ्यांना वाढीव गुण मिळतात. लोककलांनाही ती सोय आहे. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना आपल्या जिल्ह्यात जी गर्दी होते तिच्यामागे कलेचे प्रेम आहे, तसे हे गुणही आहेत. समकालीन नृत्याला असा कोणताही रकाना नाही. त्यामुळे "याचा उपयोग काय?" हा प्रश्न आपल्याला पहिल्याच पालकसभेत विचारला जाईल आणि त्याचे उत्तर तयार ठेवावे लागेल. मुलींच्या बाबतीत आणखी एक अडचण येते. आठवीनंतर पुष्कळ घरांतून नाच बंद होतो. लावणी आणि तमाशाचे नाव घेऊन तो बंद केला जातो. याच जिल्ह्यातील रेठरे हरणाक्ष गावाने पठ्ठे बापूरावांसारखा शाहीर दिला, त्यांच्या लावण्या सगळ्या महाराष्ट्राने डोक्यावर घेतल्या, पण घरच्या मुलीने पायात चाळ बांधायचे म्हटले की चर्चा संपते. आपल्या गटातील भरतनाट्यम शिकलेल्या ताई पालकांशी बोलायला पुढे आल्या तर फरक पडेल, कारण शास्त्रीय नृत्याला घराघरांत मान आहे.

आता लोककलेबद्दल. आमच्या भागात गजीनृत्य आहे. आरेवाडीच्या बिरोबाच्या यात्रेत किंवा गावच्या जत्रेत ढोल आणि कैताळाच्या (झांजेच्या) ठेक्यावर हातात रंगीत रुमाल घेऊन फिरणारी धनगर मंडळी आपण पाहिली असतील. बघणाऱ्याला ते सोपे वाटते. ढोलवाला मध्ये उभा राहून नुसत्या नजरेने आणि ठेक्याने चाल बदलतो आणि वर्तुळातील वीसपंचवीस माणसे एकही शब्द न बोलता एकाच वेळी बदलतात. त्यांत साठी उलटलेले असतात आणि दहा वर्षांची पोरेही असतात. आपण त्यांच्याकडे जाल तर शिकायला जा. दोन पावले उचलून आणायची, वर काळे कपडे घालायचे आणि त्याला प्रयोगशीलता म्हणायचे, हा प्रकार मी पाहिला आहे आणि तो मला मुळीच पटत नाही.

हमालांच्या बाबतीतही माझे म्हणणे तेच आहे. त्यांच्याकडून आपण एक संपूर्ण प्रवेश घेतला. पत्रिकेत त्यांचा उल्लेख आहे का? जे शिकवले त्याचे काही मानधन दिले का? तालमीच्या शिक्षकाला आपण पैसे देतो. मग ज्याने पोते पाठीवर कसे घ्यायचे हे दाखवले तो शिक्षक नव्हे काय? आणि त्या आजीबाईंना नुसते प्रेक्षक म्हणून मोजू नका.

ताथवडकर

मी पुण्यात नृत्याचा विद्यार्थी आहे, मूळ गाव सातारा जिल्ह्यात. जतच्या बाईंच्या शेवटच्या दोन परिच्छेदांशी मी पूर्णपणे सहमत आहे. विंगेतला माणूस यांनी जमीन आणि उजेडाबद्दल लिहिले ते छापून तालमीच्या खोलीत लावावे असे आहे, पण निवेदनाबद्दल माझे मत वेगळे आहे.

प्रयोगाआधी अर्थ सांगितला की प्रेक्षक पुढचा पाऊण तास त्या अर्थाचा पडताळा घेत बसतो. "हे पाणी असेल, ती दोरी असेल, हा हमाल." ओळखण्याचे काम संपले की पाहण्याचे कामही संपते. भाव्यांचा सूत्रधार पद गाऊन कथा पुढे नेत असे, आणि ती कथा प्रेक्षकाला पुराणातून आधीच पाठ होती. त्याने अर्थ समजावून दिला असे म्हणता येणार नाही. इथे कथा ठरलेली नाही. त्याऐवजी संवाद प्रयोगानंतर ठेवावा, आणि तो "आवडले का?" या प्रश्नाने सुरू करू नये. अमेरिकेतील नृत्यरचनाकार लिझ लर्मन यांनी १९९० च्या सुमारास प्रतिसादाची एक चार टप्प्यांची पद्धत विकसित केली. पहिल्या टप्प्यात पाहणाऱ्यांनी त्यांच्या मनात काय राहिले, काय अर्थपूर्ण वाटले तेवढेच सांगायचे. दुसऱ्यात कलाकाराने प्रेक्षकांना प्रश्न विचारायचे. तिसऱ्यात प्रेक्षकांनी कलाकाराला प्रश्न विचारायचे, पण त्या प्रश्नात मत लपवायचे नाही. आणि चौथ्या टप्प्यात, कलाकाराची परवानगी घेऊन, मत सांगायचे. आपल्याकडे गाडी थेट चौथ्या टप्प्यावरून सुटते आणि परवानगी कुणी मागत नाही. गावात ही पद्धत जशीच्या तशी चालणार नाही, पण "कोणती हालचाल डोळ्यांसमोर राहिली?" एवढा एक प्रश्न विचारून पाहा. त्याला उत्तर द्यायला कुणालाही नृत्याचे शिक्षण लागत नाही. प्रश्न विचारून झाल्यावर गप्प बसण्याची तयारी मात्र हवी, कारण पहिले उत्तर यायला वेळ लागतो आणि त्या शांततेला घाबरून आपण स्वतःच बोलू लागतो.

त्या आजींच्या वाक्याबद्दल माझे मत असे की ती तक्रार नव्हती, रचनेबद्दलची सूचना होती, आणि तीही अतिशय नेमकी. पाण्याचा वेग, त्याची दिशा आणि त्याचा आवाज नसणे, या तिन्ही गोष्टी त्यांनी एका वाक्यात सांगितल्या. नर्तकाला याहून जास्त काय लागते? वास्तवाची नक्कल करायची की नाही हा आपल्या गटातील वाद इथे गैरलागू आहे असे मला वाटते. उड्यांनी पूर दाखवणे हीसुद्धा नक्कलच आहे. दूरदर्शनवर पाहिलेल्या पुराची ती नक्कल आहे, आणि उंबऱ्यातून गुमान येणारे पाणी अजून कुणी रचलेले नाही.

भारतीय समकालीन नृत्यात दुसऱ्याच्या शरीरज्ञानाजवळ जाण्याची परंपरा आहे आणि तिच्याकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. महाराष्ट्रातल्या वाडा इथे जन्मलेल्या चंद्रलेखा यांनी १९८५ मध्ये 'अंगिका' केले तेव्हा भरतनाट्यमच्या शेजारी कलरीपयट्टू ही केरळची युद्धकला आणि योग उभे केले, आणि रंगमंचावर कलरीचे प्रत्यक्ष अभ्यासक आणले. अस्ताद देबू (१९४७ ते २०२०) यांनी कोलकाता आणि चेन्नईतील कर्णबधिर कलावंतांबरोबर वर्षानुवर्षे काम केले. ज्यांना संगीत ऐकू येत नाही त्यांच्याशी ते नजरेच्या आणि हाताच्या खुणांनी मोजणी जुळवत आणि तो प्रयोग 'विशेष मुलांचा कार्यक्रम' म्हणून न मांडता नृत्य म्हणूनच मांडत. मणिपूरच्या पुंग (तिथला ढोल) वादकांबरोबरही त्यांनी असेच दीर्घ काम केले. या दोघांच्या कामात जतच्या बाईंनी मागितलेली गोष्ट आहे : माणसे रंगमंचावर आली, नुसत्या त्यांच्या हालचाली आल्या नाहीत.

आणखी मागे जायचे तर १९४३ मध्ये इप्टाची (इंडियन पीपल्स थिएटर असोसिएशन) स्थापना झाली आणि बंगालच्या दुष्काळानंतर तिच्या पथकांनी गाणी, नाट्य आणि नृत्य घेऊन फिरून दुष्काळग्रस्तांसाठी निधी जमवला. आपल्या वाटेगावचे अण्णा भाऊ साठे याच चळवळीत होते. शाहीर अमर शेख आणि शाहीर गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक चालवले. आपत्तीवर कला करणे ही या मातीला नवी गोष्ट नाही. फरक एवढाच की त्या कलापथकांना आपण कुणासाठी आणि का बोलतो आहोत याबद्दल शंका नव्हती, आणि आपल्याला ती असते. असू द्यावी, नृत्याला ती शंका मानवते.

निधीबद्दल आपण विचारले नाही, तरी लिहितो. केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाच्या अनुदान योजना आहेत, पण त्यांसाठी नोंदणीकृत संस्था आणि तिचे मागील काही वर्षांचे काम दाखवावे लागते, म्हणून नोंदणीचे काम लांबणीवर टाकू नका. साखर कारखाने किंवा कंपन्यांकडे सामाजिक दायित्व निधी मागायला जाल तर कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात 'पारंपरिक कला' असा शब्दप्रयोग आहे हे लक्षात ठेवा. आपले नृत्य त्यात सहजी बसत नाही. शाळेतील सत्र शिक्षण या सदरात बसू शकते. मात्र निधीच्या सदराकडे पाहून प्रयोगाचा विषय ठरू लागला की काम घसरते.

मिरजेहून एक

मी फिजिओथेरपिस्ट आहे, नृत्यातले मला कळत नाही. समाजातील सहभाग म्हणजे शाळा आणि खेडी एवढेच गृहीत धरलेले दिसले म्हणून हे थोडक्यात लिहितो.

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये मार्क मॉरिस यांच्या नृत्यसंस्थेने २००१ पासून पार्किन्सन्सच्या रुग्णांसाठी नृत्यवर्ग चालवले आणि पुण्यात हृषीकेश पवार यांनी याच प्रकारचे काम केले आहे. या रुग्णांचे पाऊल चालताना अचानक जमिनीला खिळते. ठेका ऐकू आला, किंवा जमिनीवर आखलेली रेष ओलांडायला सांगितली, तर पुष्कळदा ते सुटते. आजार बरा होतो असा दावा कुणी करू नये, पण चालण्यात आणि उमेदीत फरक पडतो, हे आम्ही रोज पाहतो. मिरजेत रुग्णालयांची वानवा नाही आणि असे रुग्ण जिल्ह्याच्या सीमेपलीकडून, कर्नाटकातूनही इथे येतात. वर्ग खुर्चीत बसून सुरू करावा, प्रत्येक दोन रुग्णांमागे एक मदतनीस असावा, औषधाचा परिणाम चांगला असतो त्या वेळीच तो घ्यावा आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणालाही घेऊ नये. आपल्या नर्तकांनाही यातून काही मिळेल असे मला वाटते. एक पाऊल उचलायला किती गोष्टी जुळून याव्या लागतात हे त्या वर्गात जसे दिसते तसे अन्यत्र दिसत नाही.

घाटपायरी

सर्वांचे मनापासून आभार. सगळी उत्तरे काल तालमीनंतर गटात वाचून दाखवली.

विंगेतला माणूस, आपला अंदाज बरोबर आहे. सभामंडपात आम्ही फरशीवर सतरंजी अंथरली होती आणि ती सरकत होती. प्लायवुडची जमीन करून घेण्याचे ठरले आहे. नाट्यगृहाच्या पुढच्या प्रयोगाला पहिल्या रांगा मोकळ्या ठेवू, आणि मानाच्या पाहुण्यांना बाल्कनीत बसण्याची विनंती कोण करणार यावरच आता चर्चा चालू आहे.

जतच्या बाई, पत्रिकेत "मार्केट यार्डातील हमाल बांधवांचे आभार" अशी एक ओळ होती आणि मानधन दिलेले नव्हते. ते देण्याबद्दल गटात दुमत नाही. ज्या दोघांनी आम्हाला पोते घेण्याची पद्धत दाखवली त्यांची नावे, ते होकार देत असतील तर, रचना साहाय्य म्हणून छापू. त्यांना रंगमंचावर येण्याबद्दलही विचारले. एक जण हसले आणि म्हणाले, "दिवसभर त्येच करतोय, परत रातीला कशाला?" दुसऱ्यांनी तालमीला यायचे कबूल केले आहे, फक्त हळदीची आवक जोरात असते त्या महिन्यांत त्यांना जमणार नाही.

ताथवडकर, निवेदनाबद्दल गटात दोन तट आहेत आणि दोन्ही बाजूंना आता आपण व विंगेतला माणूस यांच्या रूपाने वकील मिळाले आहेत. तूर्तास गावात निवेदन नाही आणि नंतर गप्पा, नाट्यगृहात पत्रिकेवर चार ओळी, असे करून पाहणार आहोत. आजींच्या गावी पुन्हा जायचे आहे, पण या वेळी प्रयोग न नेता. पाणी कुठून आले, आधी काय भिजले, कुणी काय उचलले, एवढेच ऐकायचे आणि त्यांना चालणार असेल तर त्यांनी ते करून दाखवावे असे सुचवायचे. उड्यांचा प्रवेश काढायचा की नाही हे त्यानंतर ठरवू. ज्याने तो प्रवेश बसवला त्याचा जीव त्यात अडकला आहे, हेही खरे.

शाळेबद्दल एक शंका आहे. एक सत्र यायचे तर जूनमध्ये सुरू करावे की दिवाळीनंतर?

जतची बाई

जूनमध्येच. दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेल्या घरांतील मुले शाळेत नसतात, डिसेंबरात गॅदरिंगची धांदल असते आणि जानेवारीनंतर दहावीच्या वर्गाला कुणी हात लावू देत नाही. जूनमध्ये आलात तर सातवी-आठवीचा वर्ग घ्या आणि मुलगे-मुली एकत्र घ्या, वेगळे करू नका. मैदानावर चिखल असतो, म्हणून आमचा लांब व्हरांडा मिळवून द्यायचा प्रयत्न करीन. जमीन शहाबादीच आहे, तेव्हा ते प्लायवुड बरोबर आणा. मुख्याध्यापकांच्या नावे पत्र मे महिन्याच्या आत द्यावे लागेल, आणि त्यात 'कार्यशाळा' न लिहिता 'साप्ताहिक तास' असे लिहा, म्हणजे वेळापत्रकात जागा मागता येते.